कामसू भूत

मी भयकादंबरी लिहिली होती, हे आधीच स्पष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या छावणीतल्या लोकांना ते अजून पटलेलं नाही. तिचं नाव ‘शेवटची सरी’. पुण्याच्या प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलं होतं की नाजूक काळजाच्या माणसांनी हे पुस्तक एकट्याने वाचू नये. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं गावातून छाती काढून फिरलो. मग एका चॅनलने तिची मालिका केली. बारा भाग, दर शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी आठला. ती मालिका आमच्या लोकांनी पाहिली आणि माझी छाती पुन्हा जागेवर आली.

साल दोन हजार तेरा. धरण आटलं होतं, बोअर फुसफुसत होते आणि बीडजवळच्या पालीच्या अलीकडच्या माळावर आमच्या सहकारी संस्थेने जनावरांची चारा छावणी टाकली होती. मी, उत्तरेश्वर, गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. जनावरं आटल्यावर दूध संस्थेत सेक्रेटरीला माश्या मारण्याखेरीज काम उरत नाही, म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी मला छावणीवर बसवलं. जनावरांमागे माणसंही तिथेच राहायला आली होती. पालं ठोकली, चुली मांडल्या, गावातली भांडणंसुद्धा सोबत आणली. त्यांतली निम्मी माणसं ऊसतोडीचा हंगाम संपवून नुकतीच परत आली होती.

गावचा लेखक टीव्हीवर येणार म्हटल्यावर अर्जुनरावांनी संस्थेच्या ऑफिसातला टीव्ही छावणीत आणवला. बंकट वायरमनने डिशची छत्री टँकरच्या शेजारी एका बांबूला बांधली, दोन शिव्या दिल्या आणि चित्र स्वच्छ दिसू लागलं. तीनशे माणसं समोर बसली. सगळे खुशीत होते. एकटा मी सोडून.

मला कशाची धास्ती होती ते सांगायचं तर आधी कोयता सांगायला हवा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुधा नवरा-बायको. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने शेंड्याचे वाढे छाटायचे आणि त्याच वाढ्यांना पीळ देऊन मोळी बांधायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी विचारत नाही.

माझी थोरली बहीण कौशल्याबाई, माझी आक्का, पंचविसाव्या वर्षी विधवा झाली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. तिचा कोयता पुरा करायला घरच्यांनी मला तिच्याबरोबर खालच्या भागातल्या साखर कारखान्यावर धाडलं. मी सव्वीस दिवस टिकलो. सत्ताविसाव्या दिवशी ‘काडेपेटी घेऊन येतो’ म्हणून जो निघालो तो थेट परळीला, मामाच्या चहाच्या गाड्यावर उगवलो. कारण विचाराल तर फार मोठं नव्हतं. उसाच्या पाल्याने मान आणि हात सोलून निघाले होते, थंडी मरणाची होती आणि आपला जन्म याहून मोठ्या कामासाठी झालाय असं मला वाटत होतं. ते मोठं काम म्हणजे परळीच्या स्टेशनाबाहेर कपबशा विसळणं.

याबद्दल आक्काने मला पुढे छत्तीस वर्षांत एक शब्द विचारला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. ती नुसती राखी बांधायची आणि ‘जेवलास का’ म्हणायची.

पन्नाशीत मी कादंबरी लिहिली ती त्याचीच. मुरलीधर नावाचा माणूस बायकोला उसाच्या फडात एकटी टाकून पळतो. लाजेपोटी मी भावाचा नवरा केला होता. ती बायको थंडीत गारठून मरते. मग दर रात्री ती फडात येते, आपल्या वाटणीचा आणि नवऱ्याच्या वाटणीचा ऊस तोडते, मोळ्या बांधते. सकाळी लोक बघतात तर एक सरी, म्हणजे उसाची एक अख्खी ओळ, साफ झालेली. रोज एक सरी, रोज एक सरी मुरलीधरच्या घराच्या जवळ. शेवटची सरी त्याच्या दाराशी संपते. हे लिहिताना माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता आणि तो खरा होता.

आक्काला वाचता येत नाही. पुस्तक निघालं तेव्हा तिने त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं, मी निर्धास्त झालो. पण टीव्ही बघायला अक्षरओळख लागत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. माझ्या घरी बायको आहे, चहाही आहे, पण माझा दिवस उजाडतो तो आक्काच्या हातच्या चहाने. आपल्याला यानं फडात सोडलं आणि वरून आपलंच भूत करून जगाला दाखवलं हे तिला कळलं, तर तो चहा कायमचा बंद होणार. एवढीच माझी धास्ती होती, आणि माझ्या अख्ख्या कादंबरीत तिच्याइतकी मोठी धास्ती कुठेच नव्हती.

पहिला भाग लागला. हिरवागार ऊस, वाऱ्यावर डोलणारा. बाजूने कालवा काठोकाठ वाहतोय. मागे घुबड ओरडतंय. तीनशे माणसांच्या तोंडून एकच उसासा निघाला.

‘अगं आई गं, पानी बग केवढं!’

‘कुठलं हाय बे हे?’ एका म्हाताऱ्याने बंकटला विचारलं. ‘जनावरं नेता येतील का तिकडं?’

दिग्दर्शकाने बिचाऱ्याने घुबडावर मेहनत घेतली होती, ती फुकट गेली.

मग नायिका आली. मुंबईची गोरीपान नटी, नखं लाल, कोयता हातात असा की जणू आता कांदा चिरणार. तिने ऊस कमरेएवढ्या उंचीवर तोडला. बायकांमध्ये हाहाकार उडाला. आक्काशेजारी बसलेली भिवराबाई तर उठून उभी राहिली.

‘बुडातून तोड गं बाई! सगळी गोडी बुडात ऱ्हाती. मुकादम कुठं मेलाय हिचा?’

ही भिवराबाई म्हणजे आक्काची जोडीदारीण. नवरा सोडून गेलेली, तीही अर्धाच कोयता. मी पळाल्यावर ती आक्काला येऊन मिळाली आणि पुढे अठरा हंगाम दोघी बायकांनी मिळून एक कोयता चालवला. मी तिच्याशी कधी धड बोललो नव्हतो. ती दिसली की मला माझी जागा आठवायची आणि मी दुसरीकडे बघायचो.

तिसऱ्या भागात भूत आलं. खरं सांगतो, चॅनलने ते झकास केलं होतं. धुकं, चांदणं, फडात कोणी नाही. आणि कोयता हवेत आपोआप चालतोय. ऊस सपासप पडतोय, वाढ्यांना आपोआप पीळ बसतोय, मोळ्या एकामागे एक उभ्या राहताहेत. संगीत असं की दगडाला घाम फुटावा. छावणी चिडीचूप झाली. मी मनात म्हटलं, झालं, आता घाबरले.

‘काय हात हाय!’ भिवराबाई हळूच म्हणाली.

आणि बांध फुटला. ‘एका रातीत आख्खी सरी!’ ‘पानी प्याया सुदीक थांबली न्हाई!’ ‘मोळ्या बगा, एकसारख्या!’ एका बाप्याने बायकोला कोपराने ढोसलं, ‘बग, मरून एवढं करती. तू जिती हायस.’ त्यावर त्याच्या बायकोने त्याला जे उत्तर दिलं ते मी लिहू शकत नाही. एक मुकादम गंभीरपणे माझ्याकडे आला आणि कानात म्हणाला, ‘शेक्रेटरी, अशी दोन भुतं भेटली तर टोळीच नको.’

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी भयकादंबरी लिहिली होती, कामगारांचा सत्कार नव्हता केला. मी बंकटला म्हणालो, ‘अरे, ती मेलेली बाई आहे. लोकांना भीती कशी वाटत नाही?’

बंकट म्हणाला, ‘कामाच्या मानसाचं भ्याव कावून वाटंल? भ्याव वाटतं ते आळश्याचं.’

म्हणजे त्यांना संताप यायचा तो मुरलीधरचा. तो पडद्यावर आला की शिव्यांचा पाऊस. त्या साली पडलेला तेवढाच. पळपुट्या, आयतखाऊ, भाकरीला भार. चौथ्या भागानंतर छावणीतल्या एका अडेल बैलाचं नाव मुरलीधर पडलं. तो दावणीत बसकण मारायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. ‘ऊठ बे मुरल्या, बायकू कामाला गेली,’ असं ओरडून त्याला उठवायचे. दर वेळी मी दचकून उठायचो. पाचव्या भागापासून मी टँकरच्या आडाला बसायला लागलो.

अर्जुनरावांची तक्रार वेगळीच होती. ते साखर कारखान्यावर संचालकही होते. सहाव्या भागात कारखान्याचं गेट दिसलं, वजनकाटा दिसला, चिमणी दिसली.

‘सेक्रेटरी,’ ते म्हणाले, ‘कारखाना दाखवला, पण चेअरमन कावून दाखवला न्हाई? सहकारात चेअरमनशिवाय गेट तरी उघडतं का?’

‘साहेब, ती भुताची गोष्ट आहे.’

‘तेच म्हणतो मी. भुतानं तोडलेला ऊस गाळपाला घेतला, तर ठराव कुणी केला? लोक मला विचारत्यात.’

या सगळ्या गदारोळात आक्का गप्प होती. पुढे बसून ती गोधडी शिवायची. नजर टीव्हीवर, बोटं गोधडीवर. हसू नाही, शिवी नाही. रोज सकाळी मी तिच्या पालात जायचो आणि बशीत चहा ओतता ओतता तिचं तोंड वाचायचो. आठव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘त्या मुरल्याला कोयता धरता येत न्हाई.’

‘नट आहे तो आक्का. मुंबईचा.’

‘नटाचं न्हाई म्हणत मी, मुरल्याचं म्हणते.’ मग तिने चुलीत एक काटकी सारली. ‘डाव्या हातानं धरतो त्यो.’

मी डावखुरा आहे. कादंबरी लिहिताना मुरलीधर नकळत डावखुरा झाला होता आणि चॅनलने तेवढंच इमानाने पाळलं होतं. मी बशी उजव्या हातात घेतली. निम्मा चहा धोतरावर सांडला. आक्काने चुलीजवळचं फडकं माझ्याकडे सरकवलं.

बाराव्या भागाच्या दिवशी चॅनलची माणसं आली. एक कॅमेरावाला आणि एक चुणचुणीत मुलगी. शेवटचा भाग बघताना खेड्यातले लोक कसे घाबरतात हे त्यांना टिपायचं होतं. मांजरसुंब्याच्या धाब्यावर शेवभाजी खाऊन ती दुपारीच हजर झाली होती आणि तिखटाने मुलीचे डोळे अजून लाल होते. छावणीत एकट्या तिचाच चेहरा घाबरल्यासारखा दिसत होता.

तिने आधी अर्जुनरावांना बोलतं केलं, ही चूक झाली. अर्जुनरावांनी पटका नीट केला आणि सहकार चळवळ, चारा, टँकर आणि जनावरांच्या मिठाचे खडे यांवर अकरा मिनिटं भाषण दिलं. शेवटी म्हणाले, ‘आणि मी जबाबदारीनं सांगतो, आमच्या कारखान्याला ऊस फक्त जिवंत मजूर तोडतात.’ टाळ्या पडल्या.

मग मुलगी भिवराबाईकडे गेली. ‘आजी, भुताची भीती वाटते का?’

‘न्हाई बाई. लई गुणाची हाय.’

‘थोडं घाबरून दाखवा ना. एकदाच.’

भिवराबाईने लाजत पदर तोंडाला लावला आणि मग अशी काही किंकाळी फोडली की दावणीतली जनावरं उठून उभी राहिली. बैल मुरलीधरसुद्धा उठला. त्यानंतर ती स्वतःच हसत हसत खाली बसली.

आठ वाजले. शेवटचा भाग. सरी संपत आली, कोयता दारापर्यंत आला, मुरलीधर आतून कडी लावून थरथरतोय. कडी आपोआप निघाली. सकाळी लोकांनी बघितलं तर अंगणात मोळ्या रचलेल्या, आणि शेवटच्या मोळीत उसाऐवजी मुरलीधर, वाढ्यांच्या पिळाने घट्ट बांधलेला. माझ्या पुस्तकातलं हे सगळ्यांत भयंकर पान. प्रकाशकाची बायको म्हणे ते वाचून रडली होती.

छावणीत शिट्ट्या वाजल्या. ‘बांदली मोळी!’ बंकटने टॉवेल हवेत उडवला. बायकांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. चॅनलची मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती आणि मी तिला टँकरच्या आडून हातानेच म्हणत होतो, मी काय करू?

तिने शेवटचा प्रयत्न केला. पुढे एक म्हातारी शांत बसली होती, बहुधा घाबरून गप्प झाली असेल असं तिला वाटलं. ती आक्कासमोर बसली आणि माइक पुढे केला.

‘आजी, तुम्ही सांगा. तुम्हाला भीती वाटली ना?’

‘न्हाई.’ आक्काने सुई गोधडीत खोचली. ‘राग आला.’

‘मुरलीधरचा? बायकोला सोडून पळाला म्हणून?’

‘बायकू कुठली? ती भन हाय त्याची.’

मुलीने हातातला कागद पाहिला. ‘नाही आजी, मालिकेत बायको आहे.’

‘मालिकेत आसंल. ती भन म्हंजी मी. आन् पळालेला त्यो ह्यो काय, टँकरच्या आडाला बसलाय. काडेपेटी आणाया गेलता.’

तीनशे मुंडकी वळली. कॅमेराही वळला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पळून जावं असं एकदा वाटलं, पण एकाच बहिणीपासून माणसाने दोनदा किती पळावं! मी उठलो, धोतर झटकलं आणि सगळ्यांसमोर उभा राहिलो.

‘होय,’ मी म्हणालो. ‘मुरलीधर मीच. आक्काला फडात टाकून मी पळालो होतो. छत्तीस वर्षांत तिची माफी मागायचं धाडस झालं नाही, म्हणून पुस्तक लिहिलं.’

बंकटने आधी दावणीकडे बघितलं. मग तो म्हणाला, ‘मंग शेक्रेटरी, त्या बैलाचं नाव बदलायचं का?’

हशा पिकला. पण आक्का हसली नव्हती, त्यामुळे माझ्या जिवात जीव नव्हता.

‘आक्का, तुला राग येणारच,’ मी म्हणालो. ‘मी पळालो...’

‘पळालास त्याचा राग न्हाई रं,’ ती म्हणाली. ‘तू बांदलेली मोळी गाडीवर चडूस्तोर सुटायची. तू गेलास तवा मुकादमानं सुस्कारा टाकला. राग ह्याचा आला का मेल्यावर बी तू मला कामालाच लावलंस. जिती हुते तवा तोडलाच की ऊस. आता मेले तर जरा बसू दे! तर न्हाई. तुझ्या पुस्तकात मला रातपाळी!’

बायका आधी हसल्या. मग एक म्हातारी म्हणाली, ‘खरं हाय बाई, मरून बी मोळ्याच बांदायच्या तर मरायचं कशाला?’ आणि पुन्हा हसल्या, पण या वेळी जरा वेगळं.

‘आन् दुसरं,’ आक्का म्हणाली. ‘भिवरा कुठाय?’

‘ही काय, तुझ्या शेजारी.’

‘हितं न्हाई. तुझ्या पुस्तकात. बारा भाग बगितले मी. आता यील, मंग यील म्हणून डोळं फोडलं. आलीच न्हाई ती.’

‘जाऊ दे गं,’ भिवराबाई पुटपुटली.

‘कावून जाऊ दे? उत्तऱ्या, मी फडात एकली किती दिस हुते? चार. चार दिसांचं तू यवडं भूत केलंस, मंग आमची अठरा सालं कुठं घातलीस?’

 खोटं कशाला बोलू, मला तिथल्या तिथे लाज वाटली, आणि ती पळून गेल्याची नव्हती. आक्का केव्हाच त्या फडातून निघून गेली होती. तिला जोडीदारीण मिळाली, दोघी हसल्या, भांडल्या, म्हाताऱ्या झाल्या. मीच तिला छत्तीस वर्षं त्या सरीत एकटी उभी करून ठेवली होती, कारण माझ्या नंतर तिथे दुसरं कोणी येऊ शकतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. पश्चात्तापातसुद्धा मी मधोमध आपल्यालाच बसवलं होतं.

‘चुकलं आक्का,’ मी म्हणालो.

‘चुकलं तर लिव मंग,’ ती म्हणाली आणि गोधडी गुंडाळून पालात गेली.

चॅनलने यातलं काही दाखवलं नाही. अर्जुनरावांचं भाषण तर एक सेकंदही दाखवलं नाही, त्याचं त्यांना अजून दुःख आहे. जाहिरातीत भिवराबाईची किंकाळी तेवढी वाजली, आणि खाली अक्षरं आली, ‘बीड जिल्ह्याची झोप उडाली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन आक्काच्या पालाशी गेलो. आत जाऊ की नको असं करत जरा वेळ बाहेरच थांबलो. चहाचा वास येत होता, पण तो आपल्यासाठी आहे की नाही हे वासावरून कळत नाही.

‘दारात कावून उभा ऱ्हायलास? ये आत,’ आक्का म्हणाली.

भिवराबाईही तिथेच होती. मी बसलो. आक्काने चहा पुढे केला आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी वही उघडली.

‘मला भूत करायचं न्हाई,’ भिवराबाईने आधीच बजावलं. ‘मला जिती ठेव. आन् लाल नखं नकोत.’

‘नाही करत. पण सुरुवात कुठून करू?’ मी म्हणालो. मग आक्काकडे बघून विचारलं, ‘ते चार दिवस कसे गेले तुझे?’

विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की ती मला विचारत नाही म्हणून मी छत्तीस वर्षं कुढत होतो, पण मीही तिला हे कधी विचारलं नव्हतं.

आक्काने पदराने भांडं खाली उतरवलं. ‘पैल्या दिशी वाटलं, दुकान लांब आसंल. दुसऱ्या दिशी भ्याले. साप चावला आसंल म्हणून बांधाबांधानं हिंडले. त्या शिवारात पाच हिरी हुत्या. पाचीत वाकून बगितलं. खाली बगायच्या आदी डोळं मिटायचे, मंग उगडायचे. काल ती पोरगी इचारत हुती ना, भ्याव वाटलं का म्हणून? मला भ्याव जल्मात एकदाच वाटलं, तवा.’

 मी पळालो म्हणून ती चिडली असेल, रडली असेल, मला शाप दिले असतील, सगळं मी कल्पून पाहिलं होतं. मी मेलो असेन म्हणून ती विहिरींतून मला शोधत हिंडली असेल, हे भयकादंबरी लिहिणाऱ्या मला कधी सुचलं नाही.

‘चौथ्या दिशी परळीकडचा एक गाडीवान आला,’ आक्का म्हणाली. ‘म्हणला, तुमचं पोरगं टेसनात कपबशा इसळतंय, धडधाकट हाय. मी तितंच सरीत बसले आन् हसाया लागले. हसू थांबंचना.’

‘मी बाजूच्या टोळीत हुते,’ भिवराबाई म्हणाली. ‘मला वाटलं, हिला फडातलं कायतरी लागिर झालं. लई भ्याले मी. बाकीच्या बाया तर पळाल्या. मी भीत भीत जवळ गेले आन् इचारलं, कावून हसतीस गं बाई?’

‘मग?’ मी विचारलं.

‘मंग ही म्हणती, भाऊ जिता हाय. आन् पुन्ना हसती. मला बी हसू आलं. तोडलेला ऊस तसाच पडलेला हुता. मी मोळी बांदाया बसले.’

मी पेन धरून बसलो होतो. सुरुवात मिळाली होती, पण वहीतल्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या.

‘लिव की,’ भिवराबाई म्हणाली. ‘कावून थांबलास?’

मी नाक ओढलं, वही डोळ्यांजवळ धरली आणि पहिलं वाक्य लिहिलं: भाऊ जिता हाय.